निम्मं तळं

मी एकदा एक घड्याळ इतकं झटपट दुरुस्त केलं की मालकाला ते आदल्या दिवशीच परत मिळालं. हे बायकोला सांगितलं तेव्हा ती मटार सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "निम्मं करा."

तिचं हे नेहमीचंच. मी हातभर मासा सांगितला की ती वीतभर धरायची. मग मीही मुळात दुप्पटच सांगायला लागलो, म्हणजे तिने कापून खरं तेवढं उरायचं. एक्केचाळीस वर्षं झकास चाललं. गेल्या वर्षी ती गेली आणि माझं दुप्पट तसंच पडून राहिलं.

मुलगी फोनवर विचारते, "बाबा, जेवलात?" मी म्हणतो, "आडवा हात मारला." तिला ते खरं वाटतं. तरी तिचा धोशा होताच, "इकडे या. मागची खोली रिकामी आहे." शेवटी पैज लागली. दर रविवारी आम्ही नवरा-बायको नाव घेऊन तळ्याच्या पलीकडे जायचो. तसा मी एकटा पलीकडे पोहोचलो, तर घर सोडायचं नाही. नाही जमलं, तर मुकाट्याने सामान बांधायचं.

डबा आणि छत्री घेऊन धक्क्यावर गेलो. नाववाला म्हणाला, "काका, एकटेच? वल्ही दोन आहेत."

"हातही दोनच आहेत रे. मोजून आलोय."

तो हसला नाही. नेहमीच्या हिरव्या नावेचा दोर सोडून दिला त्याने.

आमची रीत अशी, की एकाच फळीवर शेजारी शेजारी बसायचं. डावं वल्हं माझं, उजवं तिचं. हाताला फोड येऊ नयेत म्हणून तिने तिच्या वल्ह्याच्या मुठीला जुन्या पडद्याची पट्टी गुंडाळली होती. अजून होती. मी सवयीने डावीकडे बसलो, वल्हं मारलं आणि नाव गरकन फिरली. पुन्हा मारलं, पुन्हा फिरली. जन्मभर घड्याळं दुरुस्त केली, पण स्वतःच काटा व्हायची ही पहिलीच वेळ. मासे चक्कर येऊन वर तरंगायला लागले. वाऱ्याला दया आली असावी, त्याने फिरता फिरता मला तळ्याच्या मध्यावर नेऊन सोडलं.

मधे सरकून दोन्ही वल्ही धरता आली असती, नाही असं नाही. पण मी मधे सरकलो की तिला जागा उरत नव्हती.

डबा खाल्ला. छत्री उघडून उजवीकडे ऊन लागणार नाही अशी धरली. दुपारी फोन वाजला.

"बाबा, पोहोचलात?"

"केव्हाच! बदकांनी उभं राहून सलामी दिली."

"खरंच? बाई गं, मी उगाच घाबरत होते. राहा मग तुमच्या घरी. आता मी मागे लागणार नाही."

पैज जिंकली होती. मी फोन कानाला धरून थांबलो. पाणी नावेला चापट्या मारत होतं. मटार सोलत कोणी काही बोलेल म्हणून मी वाट बघत होतो.

शेवटी मीच म्हणालो, "बेटा, निम्मं कर."

"म्हणजे?"

"तळ्याच्या मध्यावर आहे. सकाळपासून."

ती हळूच म्हणाली, "खोली झाडून ठेवते."

मी छत्री मिटली. फळीच्या मधोमध सरकलो, उजव्या हातात ती पट्टीची मूठ घेतली आणि धक्क्याकडे वल्हवायला लागलो. नाव सरळ निघाली. सूतभरही इकडेतिकडे झाली नाही.