अस्तराचे चार मोजे

मित्रांनो, मी एक जुना वॉकर आहे. चार पोकळ पाय, दोन मुठी आणि पायांत रबरी बूट, एवढाच माझा संसार. कारखान्यातून निघालो तो थेट भाड्याच्या दुकानात उभा राहिलो. कुणाचा गुडघा बदलला की मला बोलावणे येते. गुडघा बरा झाला की मला कुणी विचारत नाही, आणि मला त्याचे वाईटही वाटत नाही.

वाईट वाटते ते वेगळ्याच गोष्टीचे. माझ्या पहिल्या घरी एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. बाराव्या दिवशी त्यांना वाटले, आता जमते. मला दाराशी ठेवून त्या एकट्याच न्हाणीघरात गेल्या. तो आवाज मी अजून विसरलेलो नाही.

म्हणून शिंप्याच्या घरी आलो तेव्हा पहिल्या दिवसापासून माझ्या मनात पाल चुकचुकत होती. म्हातारा तसा मोठा गमत्या. माझी उंची लावताना म्हणाला, "याचं माप कुणी घेतलं? बाह्या आखूड आहेत." पण त्याची नजर सारखी खिडकीजवळच्या शिलाई मशीनकडे जायची. चाळीस वर्षे त्याने ते पायाने चालवले होते. आता पाय चालला नाही तर आपण कोण, ही एकच भीती त्याला पोखरत होती.

त्याच्या मुलीने त्याच्याच खडूने फरशीवर रेघ ओढली. "बाबा, या आठवड्यात इथपर्यंतच. दर सोमवारी मी रेघ दोन फरश्या पुढे नेईन. मशीनला अजून दीड महिना."

"तोवर गिऱ्हाईकं माझं नाव विसरतील."

"विसरू देत. कच्च्या टाक्यातला कोट तुम्ही कधी कुणाला घरी नेऊ दिलात का? तुमचा गुडघा अजून कच्च्या टाक्यावर आहे."

माप बघण्यापुरती घातलेली सैल शिवण म्हणजे कच्चा टाका. त्यानंतर शिंपी पाय सांगितला तेवढाच वाकवायचा, सुजेवर बर्फ ठेवायचा, रेघेपर्यंत जाऊन शहाण्यासारखा परतायचा. मला त्या शहाणपणाचीच धास्ती वाटू लागली.

त्याला अडचण होती ती माझ्या टकटकीची. आतल्या खोलीत कापड बेतणारी मुलगी कान देऊन पावले मोजायची. एका दुपारी त्याने कोटाच्या अस्तराचे चार तुकडे घेतले आणि माझ्या पायांना मोजे शिवले. गुळगुळीत, चकचकीत अस्तर. माझे रबरी बूट झाकले गेले आणि मला फरशी लागेनाशी झाली. मला तोंड असते तर मी ओरडलो असतो.

आम्ही निघालो. रेघ आली, रेघ मागे पडली. घरात कसलाच आवाज नव्हता. मशीन दोन हातांवर आले, तेव्हा त्याने सारा भार माझ्यावर टाकला आणि माझे पुढचे दोन्ही पाय घसरले. तो पुढे झुकला. आता तोच आवाज होणार, असे मला वाटले.

तेवढ्यात पुढच्या मोज्यांची शिवण उसवली. घाईत त्याने कच्चा टाकाच घातला होता. रबर फरशीला भिडले आणि मी रुतून उभा राहिलो. त्याने मुठी घट्ट धरल्या. मग त्याने खाली लोंबणाऱ्या दोऱ्याकडे पाहिले, बराच वेळ पाहिले.

"बाबा? आवाज का नाही आला?" आतून मुलीने विचारले.

"बसलोय," तो म्हणाला.

परतताना तो रेघेशी थांबला नाही, सरळ खुर्चीपर्यंत गेला. दुसऱ्या दिवसापासून माझी टकटक पुन्हा सुरू झाली. पण मोजे त्याने फेकले नाहीत. त्या रात्री ते त्याच्या सुईदोऱ्याच्या डब्यात गेले. मुलीला अजून माहीत नाही. काल डबा उघडा होता, आणि सुईत पक्क्या टाक्यासाठी दोरा दुहेरी ओवलेला होता.

मित्रांनो, तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद असेल, तर त्याच्या टकटकीला कंटाळू नका. ती थांबली, तर हातातले काम टाकून आधी उठा.