अक्कांची भाकरी

मी पितळी खलबत्ता बोलतोय, आणि अगदी वैतागून बोलतोय. अक्का लग्न होऊन देवासहून धारला आल्या, तेव्हा त्यांच्या रुखवतात मी आलो. तेव्हा माझ्यात वेलदोडे कुटायचे. अक्कांचे दात गेले, तसं त्यांचं पान आणि भाकरी माझ्यात कुटायला लागले.

त्यांचा मुलगा मोरोपंत दरबारात कारकून. एकदा ओसरीवर दरबारची मंडळी बसली होती आणि आतून माझी ठकठक सुरू झाली. मोरोपंत तरातरा आत आला आणि बायकोवर, सुभद्रेवर खेकसला, "म्हातारीचं ते कुटणं आधी बंद कर!"

सुभद्रेनं अक्कांच्या हातून मला हिसकावलं आणि फडताळात टाकलं.

आता रागवावं तरी कुणावर? मोरोपंत हुकूम सोडून मोकळा. पाण्यापासून अक्कांच्या लुगड्यापर्यंत सगळं एकट्या सुभद्रेच्या गळ्यात. पण म्हणून बोळक्या तोंडापुढे कोरडी भाकरी टाकायची?

पुढं एका दुपारी सुभद्रेला अक्कांच्या ताटात भाकरीवर रक्त दिसलं. हिरड्या सोलवटल्या होत्या. मला वाटलं, आता तरी ही हळहळेल. ती उलट कडाडली, "बदनावरला माझी आई शेवटच्या घटका मोजत होती, तेव्हा मला जाऊ दिलंत? लोणचं घालायचं राहील म्हणालात!"

"मला तरी माझ्या सासूनं कुठं जाऊ दिलं होतं?" अक्का म्हणाल्या.

काय म्हणावं या बायकांना! सासूनं छळलं, म्हणून सुनेला छळायचं. आणि कुणी थांबायचंच नाही.

सुभद्रा ताट उचलायला खाली बसली. मग अक्कांनी विचारलं, "काय गं नाव तुझ्या आईचं?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं.

"गंगू," सुभद्रा म्हणाली आणि पदरात तोंड घालून रडली. मग उठून तिनं मला खाली काढलं, धुतलं, भाकरी कुटली.

संध्याकाळी सुभद्रा पुन्हा कुटत असतानाच मोरोपंत आला. "पुन्हा ही ठकठक?"

सुभद्रेनं मला त्याच्यापुढं आदळलं. "धरा बत्ता. आई तुमची आहे."

तेव्हापासून रोज तोच कुटतो. मनगट दुखतं म्हणून कुरकुरतो. दोघींची भांडणंही काही संपलेली नाहीत. बाबांनो, सुनेला नावं ठेवायला सगळे पुढे असता. लेकाच्या हातात काय आहे, तेही एकदा बघा.

काल भाकरी भरडच राहिली. अक्कांनी वाटी मागं सरकवली.

"अजून कूट."

मोरोपंत पुन्हा कुटायला बसला.