चौदाव्या प्रश्नाचं भोक

मी पुठ्ठा बोलतोय. बुटांच्या खोक्याचं झाकण होतो, बरा होतो. मग आठवीच्या गणिताच्या सरांनी मला उत्तरपत्रिकेच्या मापाने कापलं आणि वीस प्रश्नांच्या बरोबर पर्यायांवर वीस भोकं पाडली. मला पेपरवर ठेवायचं. भोकातून मुलाची खूण दिसली तर बरोबर, नाहीतर चूक. चहा गार व्हायच्या आत अख्खा वर्ग तपासून होतो. डोकं लावायला नको.

तेराव्या भोकापर्यंत सर नीट होते. चौदाव्याला फोन आला. एका हातात फोन, दुसऱ्यात टोच्या. सरांनी माझ्यावर केलेली पेन्सिलची खूण बरोबर 'ब'वर आणि भोक पडलं 'क'वर. मला कळलं, पण पुठ्ठ्याला भोकं असतात, तोंड नसतं.

चौदावा प्रश्न दोन समीकरणांचा. दोन क्ष अधिक य बरोबर सात. क्ष वजा य बरोबर दोन. ज्यांनी सोडवलं त्यांना चूक, ज्यांनी ठोकून दिलं त्यांना बरोबर.

"सगळ्या हुशारांची एकच चूक? कॉपी केलीत लेको!" सर ओरडले.

हुशारांचं एका गुणाने काही अडत नव्हतं, ते पेपर दप्तरात टाकून मोकळे झाले. लाँड्रीवाल्याच्या मुलीचं अडत होतं. पास व्हायला सात हवे, तिला सहा. नापास झालीस तर शाळा बंद आणि इस्त्रीला उभी राहा, असं बापाने बजावून ठेवलं होतं.

ती पेपर घेऊन टेबलापाशी आली, समासात सोडवलेल्या ओळींवर बोट ठेवलं. "सर, क्ष तीन, य एक. तीन दुणे सहा आणि एक, सात. तीनातून एक गेला, दोन. दोन्हीकडे बसतंय."

"मला शिकवतेस?" सरांनी मला तिच्या पेपरवर आपटलं. "दिसतेय का तुझी खूण?"

"भोकच चुकलंय, सर."

"बारा वर्षं पेपर तपासतोय मी. बस खाली!"

दुसऱ्या दिवशी बापाला बोलावलं. त्याने पेपरकडे पाहिलंसुद्धा नाही. "उलट बोलली असेल. घरीही तेच करते, सर," म्हणाला आणि तिचं दप्तर स्वतःच्या खांद्याला अडकवून तिला घेऊन गेला.

ते गेल्यावर सरांनी कागदावर दोन ओळी मांडल्या. अर्धं मिनिट लागलं. मग माझं चौदावं भोक चिकटपट्टीने बुजवलं, शेजारी नवीन पाडलं. लाँड्री रस्त्यापलीकडेच आहे. सर गेले नाहीत.

आता मी अगदी बरोबर आहे. तपासताना सरांची बाही माझ्यावर टेकते. कडक इस्त्रीची असते. कोणाच्या हातची, ते त्यांनाही माहीत आहे.

मला फाडा म्हणत नाही. एकदाच बाजूला सारा, आणि खाली तिने काय लिहिलं होतं ते वाचा.