नेहमीची पैज

पेरिनने काटा ताटात ठेवला आणि फोन घेऊन ती खिडकीपाशी गेली. रेजिस देलात्रने पावाचा तुकडा नुकताच रश्शात बुडवला होता. तो तसाच हातात धरून तो बसून राहिला.

"कुठल्या हाताचं?" पेरिन विचारत होती. "नाही, नाही, वाकवून बघू नकोस. बर्फात ठेव. मी निघालेच. लोइकला सांगितलं का?"

तिने फोन बंद केला, पण लगेच वळली नाही. बाहेर शेजाऱ्याच्या गच्चीवर ओलांकूर क्लबचा निळा झेंडा लोंबत होता. आज गल्लीत प्रत्येक दुसऱ्या घरावर तो होता.

रेजिसला आणखी काही ऐकायची गरज नव्हती. हात म्हटलं की गोलकीपर. आणि लोइक म्हणजे दोन वर्षं बाकावर बसून राखीव गोलकीपरचा पगार घेणारा, छत्तिशी गाठलेला लोइक. म्हणजे बाकारीचं बोट गेलं. अख्ख्या मोसमात संघाला ज्याने तगवलं, तो बाकारी आज खेळणार नव्हता.

"मी काही ऐकलं नाही," रेजिस आपणहून म्हणाला.

"पपा, ऐकलंस तू." पेरिन जाकिटात हात घालत होती. पाठीवर क्लबचं चिन्ह, खाली 'फिजिओथेरपी'. "संघ सात वाजता जाहीर होईल. तोवर ही गोष्ट आमच्या सहा जणांत आहे. सातवा तू."

"मी कुणाला सांगणार आहे?"

"सांगायलाच लागतं असं नाही. लीगने आम्हा सगळ्यांच्या सह्या घेतल्यात. आम्ही पैज लावायची नाही, आतली बातमी बाहेर द्यायची नाही, घरच्यांनाही नाही. त्या दुसऱ्या क्लबात मालिशवाला मेहुण्याशी बोलला, आठवतंय ना? दोघंही अडकले." ती थांबली. "आज गिस्लेनकडे जाऊ नकोस."

"शनिवारी, घरच्या मैदानावर सामना, आणि मी गिस्लेनकडे गेलो नाही? पहिल्यांदा काझिक विचारेल, देलात्र आजारी आहे का. मग विचारेल, मुलीने त्याला काय सांगितलं."

पेरिनने क्षणभर विचार केला. मग तिने वाकून त्याच्या टकलाची पापी घेतली.

"मग नेहमीसारखाच वाग," ती म्हणाली.

गिस्लेनचं दुकान कालव्याच्या पुलाजवळ होतं. पुढे तंबाखू आणि वर्तमानपत्रं, मागे बार, आणि मध्ये काउंटरवर पैजेचं यंत्र. काचेचा कारखाना बंद झाल्यापासून रेजिसचं गावातलं दुसरं घर तेच होतं. साडेपाचला तो शिरला तेव्हा आतला गलका क्षणभर ओसरला. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि मग न पाहिल्यासारखं केलं.

"या, सरकार आले!" कोपऱ्यातून काझिमीर, रेजिसचा काझिक, ओरडला. त्याचे आजोबा पोलंडहून खाणीत कामाला आले होते. त्यांची हनुवटी त्याने घेतली आणि कबुतरांचा नाद स्वतःचा जोडला. कारखान्याच्या भट्टीपाशी त्याने आणि रेजिसने जन्म घालवला होता. "काय म्हणतायत आमचे डॉक्टर?"

"फिजिओ आहे ती. डॉक्टर नाही."

"आमच्यासाठी डॉक्टरच. पाय सलामत आहेत ना पोरांचे?"

"पाय सलामत आहेत," रेजिस म्हणाला. हे खरंच होतं. तरी त्याचे कान तापले.

तक्ता भिंतीवर चिकटवलेला होता, पण त्याकडे बघायची कुणाला गरज नव्हती. दुसऱ्या श्रेणीत अठरा संघ. शेवटचे दोन सरळ खाली. त्यांच्या वरचा, सोळावा, तो तिसऱ्या श्रेणीतल्या संघाशी आणखी दोन सामने खेळून जीव वाचवणार. ओलांकूर सोळावा होता. आज मोसमाचा शेवटचा सामना, जिंकला तर सुटला. खाली घसरला तर टीव्हीचे पैसे गेले, मग प्रशिक्षण केंद्र गेलं, मग माणसं. पेरिनचं नाव त्या माणसांत पहिल्या काहींत असणार, हे सगळ्या बारला माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

समोर दक्षिणेतला संघ होता, पहिल्या श्रेणीत आधीच पोहोचलेला. कुणी म्हणत होतं ते सुट्टीच्या तयारीत येतील, कुणी म्हणत होतं त्यांची राखीव पोरंदेखील आपल्याला लोळवतील. यंत्र या दुसऱ्यांच्या बाजूने होतं. ओलांकूर जिंकला तर जवळजवळ चौपट पैसे मिळणार होते, इतकी ती शक्यता कमी.

"नेहमीचंच?" गिस्लेनने चष्म्यावरून पाहत विचारलं.

प्रत्येक घरच्या सामन्याला रेजिस ओलांकूर जिंकेल यावर दोन युरो लावायचा. हरला तर कुरकुरायचा, जिंकला तर त्याच पैशाची बिअर प्यायचा. आज बरोबरी लावली, समोरचा संघ लावला किंवा काहीच लावलं नाही, तर बारला बाकारीच्या बोटाचा फोटो दाखवल्यासारखंच होणार होतं.

"नेहमीचंच," तो म्हणाला आणि नाणं काउंटरवर ठेवलं. 

यंत्राने पावती बाहेर काढली. काझिमीर शेजारी येऊन उभा होता. त्याने कोटाच्या आतल्या खिशातून जाड पाकीट काढलं.

"मलाही तेच," तो गिस्लेनला म्हणाला. "सगळ्याचं."

गिस्लेनने पाकिटात डोकावलं. "काझिमीर, हे तुझ्या बेल्जियमच्या कबुतरीचे ना?"

"कबुतरी कुठे उडून जात नाही."

"कबुतरीच आहे ती," गिस्लेन म्हणाली. मागे कुणीतरी हसलं. रेजिस हसला नाही.

शर्यतीची ती कबुतरी विकत घ्यायचं काझिमीरने दोन हिवाळे डोक्यात धरलं होतं. बायको गेल्यावर त्याला बोलकं करणारी एकच गोष्ट उरली होती, ती हीच. तिचा बाप कुठल्या शर्यतीत पहिला आला, आई कुठल्या वादळातून घरी परतली, सगळं रेजिसला पाठ झालं होतं.

"काझिक," रेजिस म्हणाला, "गेल्या पाच सामन्यांत आपण जिंकलेलो नाही."

"मग तू का लावलेस?"

"मी लावतोच. सवय आहे. दोन युरोची सवय."

"तेच तर म्हणतोय." काझिमीरने आवाज खाली आणला. त्याच्या डोळ्यांत लहान मुलासारखी चमक होती. "तू आत आलास तेव्हापासून मी बघतोय तुला. तुझी पोर आत असते. काही वाईट असतं ना, तर तुझं तोंडच सांगून गेलं असतं. तुला खोटं बोलता येत नाही, रेजिस. भट्टीवर कधी आलं नाही."

गिस्लेनचं बोट यंत्राच्या बटणावर थांबलं होतं. ती रेजिसकडेच बघत होती. एक शब्द पुरला असता. शब्दही नको, नुसतं मान हलवणं पुरलं असतं. त्याच्या डोळ्यांसमोर पेरिनच्या जाकिटाची पाठ आली, दारातून बाहेर जाणारी.

"मला एक कॉफी दे," रेजिस म्हणाला.

गिस्लेनने बटण दाबलं.

सात वाजता टीव्हीवर नावं आली. पहिल्याच ओळीत लोइकचं नाव होतं. बारमध्ये एकदम गदारोळ झाला.

"लोइक? तो अजून जिवंत आहे?"

"बाकारीला काय झालं?"

 काझिमीरने हळूच मान वळवून रेजिसकडे पाहिलं.

"मला काय ठाऊक," रेजिस म्हणाला. त्याला खोटं बोलता येत होतं तर.

पहिल्या अर्ध्यात लोइकने दोनदा चेंडू हातातून सोडला आणि दोनदा आपल्याच कुणीतरी त्याच्या पुढ्यातून तो उडवून दिला. काझिमीर उभाच होता. बिअरला त्याने तोंड लावलं नव्हतं. विश्रांतीनंतर दक्षिणवाल्यांना पेनल्टी मिळाली, तेव्हा त्याने टोपी काढून तोंडावर धरली. रेजिसने टीव्हीकडे बघितलंच नाही, त्याने टोपीकडे पाहिलं. मग बारभर ओरडा उठला आणि टोपी खाली आली. लोइकने चेंडू पायाने अडवला होता. तो कसा अडवला हे त्याला स्वतःलाही कळलेलं दिसत नव्हतं.

सामना संपायला थोडंच उरलं असताना ओलांकूरला कॉर्नर मिळाला. चेंडू कुणाच्या तरी खांद्याला लागून आत गेला. खेळाडूचं नावही कुणी ऐकलं नाही. काझिमीरने रेजिसला असं कवटाळलं की दोघं मिळून स्टुलावरून पडता पडता वाचले. काझिमीर रडत होता.

"म्हटलं होतं ना!" तो त्याच्या कानात ओरडला. "तुझं तोंड बघूनच म्हटलं होतं!"

पेरिन आली तेव्हा बाहेर अंधार पडला होता. केस विस्कटलेले, डोळ्यांखाली काळं, पण चेहरा मोकळा. बारमधल्या सगळ्यांनी तिच्यासाठी ग्लास उंचावले. काझिमीरने तिला हाताला धरून आत आणलं.

"अगं पोरी, त्या म्हाताऱ्याला गोलात बघून मी मेलोच होतो! बाकारीचं झालं काय?"

"बोट मोडलं." आता लपवायचं काही नव्हतं, आणि ती दिवसभराची दमलेली होती. "सरावात. आम्ही जेवत होतो तेव्हा फोन आला, मी ताट तसंच टाकून…"

ती थांबली. तिने बापाकडे पाहिलं आणि मग काझिमीरकडे.

काझिमीरचं हसू तोंडावर तसंच राहिलं होतं, काढायचं विसरल्यासारखं. शनिवारी पेरिन कुणाकडे जेवते, हे गावात त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. त्याने ग्लास काउंटरवर ठेवला, अगदी हळू.

"तू बरोबर केलंस," तो पेरिनला म्हणाला. "नोकरी आहे तुझी." मग त्याने टोपी घातली आणि बाहेर पडला.

रेजिस त्याच्यामागे पुलापर्यंत गेला. काझिमीर कठड्याला हात टेकून उभा होता.

"हरलो असतो," तो पाण्याकडे बघत म्हणाला, "तर कधीतरी सांगितलं असतंस?"

रेजिसने उत्तर शोधलं. अनेक सापडली. त्यातलं एकही या माणसाला देण्याजोगं नव्हतं.

"नाही," तो म्हणाला.

काझिमीरने मान डोलवली, भट्टीवर एखादा आकडा बरोबर निघाला की डोलवायचा तशी. मग तो पूल ओलांडून पलीकडच्या वाटेने निघाला. रेजिस त्याची पाठ दिसेनाशी होईपर्यंत उभा राहिला.

दारात पेरिन उभी होती. आत कुणीतरी गाणं सुरू केलं होतं.

"पपा, मी…"

"दुपारपासून काही खाल्लंयस का?" रेजिसने विचारलं.