तिसऱ्या बाकावरचा माणूस

"काका, तुम्ही तिथेच बसला होता, तर बोलायचं ना," प्रीती म्हणाली.

मी रागाने माउस बाजूला सारला. पडद्यावर माझं वाचनालय नव्हतं. त्या जागी रंगीत दिव्यांचा चौथरा होता आणि त्यावर पाच जण नाचत होते.

खरं वाचनालय मांजर्लीत होतं. एकोणतीस वर्षं मी ते सांभाळलं. २००५च्या पुरात पुस्तकांचा लगदा झाला. पुढे त्या खोलीत मंडळाचं ऑफिस आलं, मला कुणी विचारलं नाही. दोन वर्षांनी प्रीतीने, माझ्या पुतणीने, ते इंटरनेटवरच्या एका जगात पुन्हा उभं केलं. तिथे तिच्या ग्रुपची जागा होती. कपाटं, बाक, 'शांतता राखा'ची पाटी, सगळं तसंच. पुस्तकांची नावं मी सांगितली.

मला वाटलं, ही वेबसाइट. वेबसाइट म्हणजे सूचनाफलक. वाचावं आणि निघावं. शेजारी कोण वाचतंय ते कळतही नाही. प्रीतीने तेव्हाच समजावलं होतं, की इथे आपण बघायला येत नाही, आपण इथे असतो आणि दुसऱ्यांना दिसतो. मी मान डोलावली होती. उमगलं काहीच नव्हतं.

रोज चार वाजता माझा पांढऱ्या शर्टातला माणूस, म्हणजे पडद्यावरचा मी, तिसऱ्या बाकावर बसायचा. कुणी आलं की त्याच्या डोक्यावर अक्षरं उमटत, 'जय भीम'. मी इकडे कात्रपच्या घरात, खुर्चीवर, छातीशी हात न्यायचो. लिहीत नसे. वाचनालयात बोलायचं नसतं. जन्मभर मीच लोकांना गप्प केलं होतं.

तिथे मात्र बराच वेळ कळ दाबली नाही, की आपला माणूस झोपल्यासारखी मान खाली घालतो.

ग्रुपची ती जागा सांभाळणारा राजरत्न कॅम्प चार वस्तीतला. मी फोन लावला.

"अंकल, वो आप थे?" तो गडबडला. "तीन महिने जय भीम घातला, जवाब नाय. वाटलं, कोणतरी मशीन चालू ठेवून गेलाय. रूम खालीच समजली आम्ही."

"मी वाचत होतो."

"तिथे पुस्तकं उघडतात कुठे, अंकल? नुसती नावं तर होती."

"मला आत काय आहे ते पाठ आहे."

तो म्हणाला, ग्रुपची पोरं आत्ता चौथऱ्यावरच आहेत, जागा परत हवी तर त्यांना विचारा. फोनवरचं तिथे कोण ऐकणार. मी फोन ठेवला. चूक माझी होतीच. पण रिकामं? माणूस बसलेला असताना रिकामं?

प्रीती टाइप करायला पुढे झाली. मी तिला बाजूला केलं.

माझा माणूस नाचणाऱ्यांच्या मधोमध नेऊन उभा केला. एका बोटाने लिहिलं, 'जय भीम.' पाचही डोक्यांवर उत्तर उमटलं. नाच थांबला नाही.

एकाने विचारलं, 'कोण आपण?'

'ग्रंथपाल.'

कुणीतरी हसल्याची खूण केली. मग मी वाचनालयाच्या नोंदवहीतल्या दाखल क्रमांक एकपासून पुस्तकं लिहायला सुरुवात केली. नाव, लेखक, किती पानं. क्रमांक दोन. तीन. प्रीतीने चहा आणून ठेवला, तो निवला. चाळिसाव्यापर्यंत दोघं निघून गेले होते, तिघं नाचत होते. मी एकेचाळिसावं लिहायला घेतलं.