मंदाकिनीबाईंचे दोन फटके

हडपसरच्या एका वस्तीत एका सामाजिक संस्थेचं मोफत पाळणाघर होतं. धुणीभांडी करणाऱ्या, बांधकामावर जाणाऱ्या बायकांची एकोणीस मुलं तिथे दिवसभर असत. स्वयंपाक शालू करायची. बँकेतून निवृत्त झालेल्या मंदाकिनीबाई आठवड्यातले चार दिवस हौसेनं मुलं सांभाळायला यायच्या.

त्या मंगळवारी दीपमाला तीन वर्षांच्या मुक्ताईला सोडायला आली, तेव्हा तिचा स्वतःचा डावा डोळा सुजून बंद झाला होता.

"बाई, तिचा बाप न्यायला आला तर देऊ नका. पोरीला गावाला नेतो म्हणतोय. मला परत दिसणार नाय ती."

"तुमच्याशिवाय कोणाच्या हातात देणार नाही. आधी डोळा दाखवून या."

"खाडा झाला तर कामावरनं काढतील," म्हणून दीपमाला गेली.

दुपारी जेवणाआधी दाराशी मच्छिंद्र उभा राहिला. हातात बांधकामावरची सळई होती.

"माझी पोर द्या."

"तिची आई येईल पाच वाजता. तेव्हा या," बाई जाळीच्या दाराआडून म्हणाल्या. "आणि ती सळई घरी ठेवून या."

त्यानं सळई जाळीवर घातली. तिसऱ्या घावाला कडी उखडली. शालूनं मुलांना स्वयंपाकघरात ढकललं, पण मुक्ताई भिंतीशी थिजून उभी राहिली. बाई तिच्यासमोर गेल्या. सळई त्यांच्या उजव्या हातावर बसली आणि हाड मोडल्याचा आवाज त्यांनी स्वतः ऐकला. मच्छिंद्रनं पोरीला दंडाला धरून फरफटत ओढलं. तिचं कपाळ उंबऱ्यावर आपटलं, फरशीवर रक्त सांडलं.

शालू उकळत्या वरणाचं पातेलं घेऊन धावत आली आणि तिनं ते त्याच्या पायांवर ओतलं. तो किंचाळत कोसळला. सळई हातातून सुटली.

ती बाईंनी डाव्या हातानं उचलली.

"जातो, बाई. सोडा," म्हणत तो कोपरांवर दाराकडे सरकत होता. बाईंनी त्याच्या पाठीत फटका घातला. मग गुडघ्यावर घातला. तिसऱ्यांदा हात उचलला, तो शालूनं धरला.

"बाई, पुरे. पोरं बघतायत."

स्वयंपाकघराच्या दारात मुलं उभी होती. एकही रडत नव्हतं.

मच्छिंद्रला पोलिसांनी बंदोबस्तात दवाखान्यात हलवलं. त्याचा गुडघा फुटला होता. हाताला प्लास्टर घातल्यावर बाईंचा जबाब घ्यायला फौजदार आले.

"स्वतःला वाचवायला मारलं, असं लिहितो."

"नाही. तो पडला होता, हातात काही नव्हतं. जातो म्हणत होता. तेव्हा मारलं."

फौजदारांनी पेन थांबवलं. "कशाला ओढवून घेताय?"

"आपण विचारलंत म्हणून सांगितलं."

मच्छिंद्र कोठडीत गेला. बाईंवरही गुन्हा नोंदवला गेला, जामीन मिळाला. संस्थेनं नवं, पत्र्याचं दार बसवलं. काही आयांनी मुलं पाठवणं बंद केलं.

तीन आठवड्यांनी बाई पुन्हा कामावर आल्या. दीपमाला मुक्ताईला घेऊन आली, तेव्हा पोरीच्या कपाळावर टाक्यांची ताजी खूण होती. दीपमाला बाईंच्या पाया पडायला वाकली. बाईंनी तिला थांबवलं आणि मुक्ताईला घ्यायला डावा हात पुढे केला.

मुक्ताईनं तो हात पाहिला आणि आईच्या साडीत तोंड खुपसलं.

"अगं, बाईंनीच तुला वाचवलं ना," दीपमाला म्हणाली.

"राहू दे," बाईंनी हात मागे घेतला. "शालू, तू घे तिला."

त्या स्वयंपाकघरात जाऊन एका हातानं मटार सोलत बसल्या. पोरगी झोपेपर्यंत बाहेर आल्या नाहीत.