यादीतली दुसरी चूल

मित्रांनो, अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात टिबो कुटुंबाच्या स्वयंपाकघरात जी काळी, लोखंडी, लाकडांची चूल आहे ना, ती मी. वय शंभरीच्या पुढे. वजन विचारू नका. ओतशाळेत जन्मले आणि घोड्यांच्या घसरगाडीवरून बर्फातून या घरी आले. तेव्हापासून लाकडं खाते आणि माणसांना खाऊ घालते. दर शनिवारी घेवड्याचे दाणे दिवसभर माझ्या पोटात शिजत. आमच्या मालकीणबाई म्हणजे ऑर्फाबाई; त्यांच्या सासूबाई तर पाहुण्यांना आधी मला दाखवायच्या, मग सुनेला!

पुढे गॅसची चूल आली. ऑर्फाबाई तिच्यात दुकानात विकायला सफरचंदाचे ‘पाय’, म्हणजे सारण भरलेल्या गोड जाड पोळ्या, भाजू लागल्या. उन्हाळ्यात माझ्यावर जुनी वर्तमानपत्रं साचू लागली. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

मग ऑर्फाबाईंचे यजमान मेरिल यांची लाकूड कापायची गिरणी बुडाली. दिवाळखोरीचा अर्ज करायची, घरातल्या वस्तू विकून कर्ज फेडायची पाळी आली. पण आमच्या राज्याचा कायदा अगदीच निर्दय नाही. तो माणसाकडे काही वस्तू राहू देतो: एक गाय, दहा कोंबड्या, घर तापवायची साधनं, स्वयंपाकाची एक चूल. एक!

आणि आमच्या सरळमार्गी ऑर्फाबाईंनी अर्जात स्वच्छ अक्षरात लिहिलं, ‘स्वयंपाकाच्या चुली – दोन.’

वकील लविनिया कोल्बी टेबलाशी बसून यादी वाचत होत्या. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

“ऑर्फा, यातली एक जाणार गं. जुन्या वस्तूंचा व्यापारी या काळीला चांगली किंमत देतोय, न्यायालयाची माणसं ती सोडणार नाहीत.”

“गॅसची गेली तर माझे ‘पाय’ विकणं बंद. मग खायचं काय?” ऑर्फाबाईंनी माझ्याकडे पाठ केली. “न्या हिलाच.”

माझं लोखंड गार पडलं.

तेवढ्यात कोपऱ्यातून मेरिल पुटपुटले, “मग हिवाळ्यात आपण गोठून मरू.”

“का? तळघरात घर तापवायची भट्टी आहे की तुमची!” कोल्बीबाई म्हणाल्या.

“ती बंद पडून चार वर्षं झाली. सगळं घर हीच तापवते.”

“चार वर्षं! आणि हे मला आत्ता सांगताय?”

“विचारलं कुठं कुणी?”

कोल्बीबाईंनी कपाळाला हात लावला आणि मग पोट धरून हसल्या. “अहो शहाण्या माणसा, घर तापवायचं साधन कायद्यात वेगळं धरलंय!” त्यांनी ‘दोन’ खोडून ‘एक’ केलं आणि खाली मला नव्या ओळीत लिहिलं.

“पण हिच्यात मी दाणे शिजवते,” ऑर्फाबाई कासावीस झाल्या. “खोटं नको हं लिहायला.”

“तेही लिहिते. घर तापवते, वर दाणेही शिजवते. झालं समाधान?”

न्यायालयाच्या माणसाने भट्टी तपासली, मला हात लावून पाहिला, बोट भाजून घेतलं आणि सही केली. मी इथेच राहिले! त्या दिवशी मी जरा जास्तच धगधगले असेन.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना बोलता येत नाही. तुम्हाला येतं. घरातली जुनी वस्तू तुमच्यासाठी काय काय करते, ते कुणी विचारायची वाट न बघता सांगत जा. आणि चूल असेल तर राख रोज काढा. पोट भरलेलं असताना मलाही धड जळता येत नाही.